विणकाम-क्रोशासाठी घरातल्याच वस्तू : तुम्ही काय काय वापरता?

लोकरगुंडी

नमस्कार मंडळी,

जुन्नरला आमच्या ओसरीवर दर शनिवारी दुपारी १४ मुली विणकाम शिकायला येतात. सातवी ते दहावीच्या आहेत. लोकर आणि सुया मी देते. पण पहिल्याच दिवशी एकीने मोबाइलवर व्हिडिओ दाखवला. त्यात टाक्यांच्या खुणेच्या रिंगा, लोकर ठेवायचा नक्षीचा वाडगा, गुंडा करायचं यंत्र, ओळी मोजायचं यंत्र असं सगळं टेबलावर मांडून ठेवलं होतं. "बाई, हे सगळं घ्यावं लागेल का?" असं तिने विचारलं आणि बाकीच्या तेरा जणींचे चेहरे उतरले. त्यांच्या घरी या गोष्टींसाठी पैसे मागणं सोपं नाही, हे मला माहीत आहे.

मी त्यांना शब्द दिलाय की सुई-लोकर सोडून काहीही विकत आणायचं नाही. म्हणून हा धागा.

माझ्याकडून सुरुवात करते. माझा लोकरीचा गुंडा गेली अकरा वर्षं सासूबाईंच्या ॲल्युमिनियमच्या चहाच्या किटलीत राहतो. झाकण लावायचं आणि लोकरीचं टोक तोटीतून बाहेर काढायचं. विणताना गुंडा आतल्या आत गडगडतो, जमिनीवर पळत नाही, मांजराच्या हाती लागत नाही, धूळ बसत नाही. तोटी वरच्या बाजूला असल्यामुळे लोकर सरळ हातात येते. किटली जड हवी, हलकी असली तर ओढीने आडवी होते. माझ्या किटलीत तळाला दोन मूठ हरभरे घातलेली कापडी पुरचुंडी आहे, त्यामुळे ती हलत नाही.

एक विनंती. ज्या वस्तूवर तुम्ही निदान एक आख्खं काम पुरं केलंय, तीच सांगा. आणि फसलेले प्रयोग आवर्जून लिहा, कारण इथली चूक माझ्याकडे चौदा हातांत जाणार आहे.

उलटसुलट

मस्त धागा काढलास गं! मी डोंबिवलीची, लोकलमध्ये विणणारी, त्यामुळे माझी सगळी हत्यारं पर्समधली.

टाक्याच्या खुणेसाठी शीतपेयाची नळी कात्रीने दोन-तीन मिमी रुंदीची कापून रिंगा करते. एका नळीत महिनाभराच्या रिंगा होतात. प्लास्टिकचीच नळी घे. कागदी नळी हाताच्या घामाने दुसऱ्या दिवशी उलगडते. क्रोशाला मात्र बंद रिंग चालत नाही, कारण खूण टाक्यातच अडकवून नंतर काढावी लागते. तिथे सेफ्टी पिन.

स्वेटरची वेणी घालताना टाके पुढे-मागे धरायला अंबाड्याची यू-पिन वापरते. दोन-तीन टाके तिच्या एका पायावर घ्यायचे आणि पिन लोंबती सोडायची, वाकलेली असल्यामुळे टाके घसरत नाहीत. बाजारातली वेणीची सुईही अशीच वाकडी असते, म्हणजे तत्त्व तेच. पिनेच्या टोकावर काळा लुकणाचा थेंब असतो, तो निघालेला असेल तर ती पिन घेऊ नकोस. टोक उघडं पडलं की लोकर चिरते.

आता फसलेलं. भाचीच्या बारशाला पांढरं टोपडं विणलं. धुऊन, आकार बसावा म्हणून उशीवर ताणून, कडेने साध्या टाचण्या टोचून रात्रभर ठेवलं. पावसाळ्याचे दिवस, टोपडं वाळलंच नाही. सकाळी प्रत्येक टाचणीभोवती तांबूस ठिपका. लिंबू लावलं, मीठ लावलं, ऊन दाखवलं. ठिपके फिके झाले, गेले नाहीत. शेवटी त्यावर पिवळी फुलं भरली. तेव्हापासून ओल्या कामाला स्टेनलेस स्टीलच्याच पिना. लोहचुंबकावर विसंबू नकोस. एक पिन ओल्या कापसात रात्रभर गुंडाळून ठेव, सकाळी कापूस पांढरा राहिला तरच ती वापर.

फिटरकाका

मी पुण्यात एका कारखान्यात ३४ वर्षं फिटर होतो. विणकाम येत नाही, पण पत्नी विणायची आणि तिच्या सुया मीच करून द्यायचो. त्यामुळे लिहायचा अधिकार घेतो.

सायकलच्या चाकाची तार (स्पोक) ही तयार सुई आहे. साधारण तार १४ गेजची, म्हणजे २ मिमी जाड. विणकामाची १४ नंबरची सुईही २ मिमीचीच. हा योगायोग नाही. आपल्याकडच्या सुयांचे जुने नंबर ब्रिटिश तारेच्या गेजशी जुळतात, म्हणूनच नंबर वाढला की सुई बारीक होते. तार साच्यातून जितक्या जास्त वेळा ओढावी तितकी बारीक निघते. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतातले विणकर तर सायकलच्या तारांच्या टोकाला हुकासारखा आकडा काढून त्यावर टोप्या विणतात.

करायची पद्धत. तारेचं वाकडं डोकं आणि दुसऱ्या टोकाचे आटे कापून टाका. टोकाला कानशीने निमुळता आकार द्या, पण अणी नको. बाळाच्या नखाएवढा गोलवा ठेवा. मग पॉलिश पेपर, आधी २२०, मग ४००, शेवटी ८००. पेपर तारेच्या लांबीच्या दिशेने फिरवा. गोल गोल फिरवला तर आडव्या रेघा पडतात आणि त्या रेघांत लोकरीचे केस धरले जातात.

आता सावधगिरी. स्वस्त तारांवर जस्ताचा मुलामा असतो. कानस मारली की टोकावरचा मुलामा जातो आणि तिथेच गंज धरतो, वर लिहिलेल्या टाचण्यांसारखाच. स्टेनलेसची तार मागून घ्या. सायकल दुरुस्तीवाल्याकडे वाकलेल्या तारांचा ढीग असतो, त्यातले सरळ तुकडे तो सहज देईल.

छत्रीची काडी वापरू नका. ती भरीव नसते, नालीसारखी असते. इंग्लंडमध्ये १८५२ साली सॅम्युअल फॉक्सने तशी पोलादी काडी आणली, वजन कमी आणि ताकद जास्त. छत्रीला उत्तम, पण लोकर त्या नालीत अडकते.

कोणतीही घरगुती वस्तू लोकरीला लावण्याआधी एक परीक्षा घ्या. जुनी जॉर्जेटची ओढणी किंवा नायलॉनचा मोजा घ्या आणि वस्तूची प्रत्येक कड त्यावर हलके घासा. बोटाला न लागणारी कूस, म्हणजे बारीक खरखरीत कड, ओढणीला लागते. ओढणीचा धागा ओढला गेला तर लोकरही ओढली जाणार. किटलीची तोटी आतून अशीच बघा. तोटीच्या तोंडाशी बहुतेक वेळा कूस असते.

लोकरगुंडी

काका, वाचून लगेच उठले आणि ओढणी तोटीत घालून ओढली. अडकली! अकरा वर्षं मला वाटत होतं की लोकरच हलकी मिळते म्हणून तिला केस सुटतात. पॉलिश पेपरची सुरळी करून आतून फिरवली, आता ओढणी सुळकन येते. मनापासून आभार.

पण २ मिमीच्या सुयांवर नवशिक्या मुलींना बसवता येणार नाही. आठ सुया, म्हणजे आठ ओळी, विणल्या तरी बोटभर काम दिसत नाही, मुली कंटाळतील. जाड सुयांसाठी काही आहे का?

पाटीपेन्सिल

मी शिक्षिका आहे. ताई, तुमच्या मुलींकडे कंपासपेटी असेलच. अर्धं दुकान त्यातच आहे.

पट्टी १५ सेमीची असते. टाके मोजायला १० सेमी पुरतात. खोडरबराचे दोन तुकडे सुईच्या टोकांना खोचले की दप्तरात टाके गळत नाहीत. मी आधी रबरबँड गुंडाळायचे. उन्हाळ्यात तो विरघळून सुईला चिकटला आणि फिक्या लोकरीवर पिवळट डाग आला, म्हणून सोडला.

आणि शार्पनर! सुताराकडून ६ मिमीची गोल लाकडी काठी आणा. ३० सेमीचे तुकडे करा, एक टोक शार्पनरमध्ये फिरवा, मग काका म्हणतात तसं अणी मोडून घासा. मागच्या टोकाला मोठा मणी किंवा बाटलीचं छोटं बूच डिंकाने चिकटवा. शेवटी मेणबत्ती चोळून सुती फडक्याने खूप पुसा. या सुयांवर जाड लोकर, किंवा साधी लोकर दुहेरी घेऊन, मफलर भराभर पुढे सरकतो. माझ्या वर्गात पाचवीच्या मुलांनी विणलेत.

पेन्सिलीच सुया म्हणून वापरू नका. मी तो प्रयोग केला. गोल पेन्सिल साधारण ७ मिमी असते, हातात छान बसते, पण टोकाचं शिसं लोकरीला लागलं आणि पांढऱ्या टोपीची पहिली चार बोटं राखाडी झाली. धुऊनही गेलं नाही.

माडाखाली

गोंयच्यान नमस्कार! आमच्याकडे किटलीचं काम करवंटी करते.

नारळाला तीन डोळे असतात, त्यातला एक मऊ. नारळ आडवा फोडायचा म्हणजे डोळ्यांची वाटी अखंड राहते. खोबरं काढून झालं की मऊ डोळा खिळ्याने आरपार मोकळा करायचा. वाटी पालथी घालायची, खाली लोकरीचा छोटा गुंडा, टोक डोळ्यातून वर. २५ ग्रॅमचा गुंडा आरामात फिरतो, क्रोशाच्या दोऱ्याचं रीळ तर फारच छान.

आतून शेंडीचे तंतू आणि खोबऱ्याची साल राहू देऊ नका. काचेच्या तुकड्याने खरवडतात, पण मुलींच्या हातात काच देऊ नका, पॉलिश पेपर द्या. वेळ जास्त लागतो एवढंच. माझी आई करवंटी चकचकीत व्हावी म्हणून खोबरेल लावायची. तेल लावलंत तर आठवडाभर वापरू नका, नाहीतर लोकर तेलकट होते.

उलटसुलट

करवंटी! आणि आम्ही त्या चुलीत घालतो. या गणपतीला गावी गेले की करून बघणार.

जर्सीत_राहते

काकांनी नंबरांचा विषय काढला म्हणून लिहिते, कारण इथे मी सपशेल चुकले होते.

आजीच्या वहीत लिहिलेलं : "८ नंबरच्या सुया, ९० टाके." मी न्यू जर्सीत दुकानातून ८ नंबरच्या सुया आणल्या आणि बाबांसाठी बिनबाह्यांचा स्वेटर विणला. तो बाबांच्या अंगात इतका सैल झाला की बाजूने दोन मुठी कापड उरलं. तीन महिन्यांचं काम होतं. आजीचा ८ नंबर म्हणजे ४ मिमी. अमेरिकेतला ८ नंबर म्हणजे ५ मिमी. इथे नंबर वाढला की सुई जाड होते, अगदी उलट. परदेशातल्या सगळ्यांना सांगते, वहीत नंबर असेल तर आधी त्याचे मिमी करा : १४ म्हणजे २, १० म्हणजे ३.२५, ९ म्हणजे ३.७५, ८ म्हणजे ४, ७ म्हणजे ४.५.

प्रवासात मोजपट्टी नसते तेव्हा नोट वापरते. भारतातली नवी ५०० ची नोट बरोबर १५ सेमी लांब आहे. इथली डॉलरची नोट १५.६ सेमी. बँकेचं मुदत संपलेलं कार्डही जपून ठेवलंय. त्याची रुंदी ५.४ सेमी, लांबी ८.५६ सेमी. रुंदीवर लोकर गुंडाळून कापली की शालीच्या झालरीचे सगळे धागे एकसारखे होतात. नंबर आणि चिप आधी कापून टाका.

फिटरकाका

त्याच कार्डाला २, २.५, ३, ३.५, ४, ४.५, ५ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडा. नंबर पुसलेली सुई कोणत्या भोकातून अलगद जाते आणि आधीच्या भोकात अडते ते बघा, माप कळतं. हे तर सुईमापकच झालं. भोकांच्या कडा ओढणीवर तपासा.

इंदूरची_सून

तोरणं आणि रुमाल क्रोशाने करणाऱ्यांसाठी माझ्या सासूबाईंची पद्धत. एक मोठा चमचा साबुदाणा दोन कप पाण्यात पारदर्शक होईपर्यंत शिजवायचा, पातळ फडक्यातून गाळायचा, कोमट असताना त्यात रुमाल बुडवून हलके पिळायचा. मग स्टीलच्या पालथ्या वाटीवर किंवा पातेल्यावर पसरून पाकळ्या बोटांनी ओढायच्या. वाळला की फुलासारखा उभा राहतो. वाटीला आधी प्लास्टिकची पिशवी लावा, नाहीतर खळ चिकटून बसते.

मी एकदा घाईत साबुदाण्याऐवजी साखरेचा पाक वापरला. कडकपणा सुरेख आला. आठ दिवसांनी देवघरातल्या कोनाड्यात मुंग्यांची रांग थेट रुमालापर्यंत. पावसाळ्यात तो चिकटही झाला. साखर नकोच.

ओळी मोजायला मी नामजपाचं बोटात घालायचं छोटं यंत्र वापरते, देवळाबाहेर मिळतं ते. सुई संपली की अंगठ्याने बटण दाबायचं. घरात नसेल तर दोन वाट्या आणि चिंचोके. एक सुई झाली की एक चिंचोका या वाटीतून त्या वाटीत. लाइट गेले, कोणी हाक मारली, पाहुणे आले, तरी हिशोब चुकत नाही.

घरचं_सूत

जुना स्वेटर उसवून लोकर परत वापरणाऱ्यांसाठी. उसवलेली लोकर वळ्यावळ्यांची असते, तशीच विणली तर टाके वेडेवाकडे पडतात. दोन खुर्च्या पाठीला पाठ लावून त्यांच्याभोवती लोकर गुंडाळा, चार ठिकाणी सैल बांधा म्हणजे लडी झाली. मग उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर धरा. वाफेने वळ्या सुटतात.

पाटीपेन्सिल

थांबा थांबा, वाफ कोणत्या लोकरीला ते आधी सांगा! बाजारातली बरीचशी स्वस्त 'लोकर' ॲक्रिलिकची असते. खरी लोकर वाफेने सावरते. ॲक्रिलिकला जास्त वाफ लागली की त्याचा लवचीकपणा कायमचा जातो, ते लोळागोळा होतं आणि बॉर्डर पुन्हा आकसत नाही. ते फक्त कोमट पाण्यात भिजवून, लडीला खाली वजन म्हणून कपड्यांचे दोन चिमटे लावून वाळवा.

ओळखायचं असेल तर एक वीत धागा चिमट्यात धरून ताटलीवर जाळा. खरी लोकर जळक्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटांनी चुरडते. ॲक्रिलिक वितळतं आणि थंड झाल्यावर टणक काळा गोळा उरतो. हे मोठ्यांनीच करायचं, खिडकी उघडी ठेवून.

घरचं_सूत

बरोबर आहे. माझा स्वेटर खऱ्या लोकरीचा होता, ते लिहायला हवं होतं. दुरुस्ती केल्याबद्दल धन्यवाद, मुलींसाठी हे महत्त्वाचं आहे.

आणखी एक. स्वयंपाकघरातला डिजिटल काटा. बाही विणायला घेण्याआधी उरलेली लोकर तोला आणि एक बाही झाल्यावर पुन्हा तोला. ८० ग्रॅममधली ४५ गेली असेल तर दुसऱ्या बाहीला पुरणार नाही, हे तेव्हाच कळतं.

माणदेशी

आमच्याकडे सांगोल्याच्या बाजूला घोंगडी विणणारी घरं आहेत, त्यांचं बघून सांगतो. ताण्याच्या (उभ्या धाग्यांच्या) लोकरीला ते चिंचोक्यांची खळ लावतात आणि मागावर धागा ठोकायला फणी असते. केसांची फणी आणि मागाची फणी, शब्द एकच, कामही भावंडाचं. मुलींना पुठ्ठ्याच्या कडांना अर्धा-अर्धा सेमीवर खाचा पाडून ताणा बांधू द्या आणि जेवणाच्या काट्याने किंवा मोठ्या दातांच्या कंगव्याने धागा खाली ठोकू द्या. उरलेल्या तुकड्यांतून कपाखालच्या चौकटी होतात. त्याच काट्यावर पन्नास-साठ वेढे लोकर गुंडाळून मधल्या फटीतून घट्ट गाठ मारली आणि कडा कापल्या की टोपीचा गोंडा. गाठीला लोकर घेऊ नका, ताणल्यावर तुटते. पाण्यात भिजवलेला सुती दोरा घ्या, तो घट्ट बसतो.

आणि टकळी. १९३७ च्या वर्धा परिषदेनंतर गांधीजींच्या नई तालीमच्या शाळांत मुलं टकळीवर सूत काढायची. आजही घरी होते : दोन जुन्या सीडी एकावर एक, मधल्या १५ मिमीच्या भोकात कापडाची पट्टी गुंडाळून घट्ट केलेली गोल काडी, वर छोटा आकडा. लोकर कातायला वजन पुरतं. कापसाला मात्र ती जड होते, सूत तुटतं.

लोकरगुंडी

शनिवार झाला, म्हणून लिहायला बसले.

सुतारदादांनी ६ मिमीची काठी कापून दिली, पैसे घेतले नाहीत. दुपारभर ओसरीवर शार्पनरची कुरकुर चालली होती. चौदा जोड्या सुया झाल्या. प्रत्येक सुई माझ्या जुन्या निळ्या ओढणीवर घासून पाहिली, सहा सुया परत पॉलिश पेपरखाली गेल्या. सव्वापाचला सगळ्यांनी वीस-वीस टाके घातले आणि पहिली सुई सुलट विणली. जिने व्हिडिओ दाखवला होता, तिच्याच सुया सगळ्यांत गुळगुळीत निघाल्या.

पांढरी लोकर कोणालाच दिली नाही, पेन्सिलीचं वाचून. खोडरबर सगळ्यांकडे होता, चिंचोके आमच्याच परसात.

एक गोष्ट इथे कोणी लिहिली नव्हती. जरा पुढे गेलेल्या दोघींना मी मागच्या महिन्यात विणलेल्या पिशवीचे दोन तुकडे शिवायला दिले होते. तुकडे सारखे सरकत होते. त्यातल्या एकीने केसांतल्या टिकटॅक पिना काढल्या आणि कडेला दोन-दोन बोटांवर लावत गेली. तुकडे जागेवर बसले, दाभणाने शिवण सरळ आली. दाभणाचं टोक मी आधीच दगडावर घासून बोथट केलं होतं, नाहीतर ते लोकर फोडत जातं. पिनांचा रंग उडालेला होता म्हणून मी त्या तपासायला मागितल्या. "बाई, मी आधीच घासून बघितल्या," म्हणाली, आणि ओढणीचा कोपरा दाखवला.

आता प्रश्न. तेरा मुली उजव्या हाताने विणतात, एक डावखुरी आहे. तिला क्रोशा शिकवायला मी समोर बसले तर तिला सगळं आरशातल्यासारखं दिसून जमेल का, की खरोखरचा आरसा शेजारी ठेवू? कोणी केलंय का?

जर्सीत_राहते

माझी लेक डावखुरी आहे. समोरच बसा, गुडघ्याला गुडघा लावून. आरशात हात दिसतात पण बोटांची खोली कळत नाही, लेक गोंधळायची. समोर बसून तिसऱ्या दिवशी तिने साखळी घातली.

फिटरकाका

निरोपातून पत्ता कळवा. जुनी कार्डं बरीच साठली आहेत, १४ सुईमापकं भोकं पाडून, कडा घासून पाठवतो.

लोकरगुंडी

निरोप पाठवलाय काका. जमलं तर पंधरा पाठवा, या शनिवारी सुतारदादांची मुलगीही येणार आहे.